त्वचेचा कर्करोग: बायॉप्सीपासून उपचारापर्यंतची वाट

रिपोर्टवर ‘कार्सिनोमा’ हा शब्द दिसला की घरातल्यांचा धीर सुटतो. केमो घ्यावी लागेल का, केस जातील का, किती दिवस हातात आहेत, असे प्रश्न एकदमच सुरू होतात. त्वचेच्या कर्करोगाच्या बाबतीत यातली बरीचशी धास्ती अनाठायी असते. बहुतांश रुग्ण तेवढ्याच जागेला भूल देऊन केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेने बरे होतात आणि त्याच दिवशी स्वतःच्या पायांनी घरी जातात. केमो इथे आता क्वचितच वापरतात. मात्र ‘त्वचेचा कर्करोग’ या नावाखाली मेलानोमा नावाचा असा एक प्रकार मोडतो, की तो दोन-तीन मिलिमीटर खोल गेला तरी जिवावर बेतू शकतं.

त्यामुळे ‘सगळ्यात चांगला उपचार कोणता?’ असं सरसकट विचारून काही हाती लागत नाही. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: प्रकार कोणता, किती खोल गेलाय, आणि अंगावर नेमका कुठे आहे. या तीन गोष्टी कळल्या की डॉक्टर अमुक एक उपचार का सुचवतायत आणि शेजारच्याला दिलेला उपचार तुम्हाला का नाही, हे तुमचं तुम्हालाच समजायला लागतं.

पायरी १: आधी तुकडा, मगच उपचार

संशय येण्याजोगा तीळ, गाठ किंवा महिनोन्‌महिने न भरणारी जखम त्वचारोगतज्ज्ञ आधी डर्मोस्कोपने, म्हणजे दिवा बसवलेल्या खास भिंगाने, तपासतात. त्यानंतर बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं. ही पायरी गाळून कुणी थेट लेझरने, विजेने जाळून किंवा गोठवून तीळ ‘साफ’ करून देतो म्हणाला तर सरळ नको म्हणा. जळून गेलेल्या तिळाचा रिपोर्ट येत नाही. तो मेलानोमा असेल तर किती खोल होता हे पुढे कुणालाच सांगता येणार नाही, आणि नंतरचा सगळा उपचार त्याच आकड्यावर ठरायचा असतो.

पंच बायॉप्सीत तीन-चार मिलिमीटर व्यासाचं गोल पातं फिरवून त्वचेचा पूर्ण जाडीचा तुकडा काढतात आणि एखाद-दुसरा टाका घालतात. शेव्ह बायॉप्सीत वरचा थर पात्याने तासून घेतात. मेलानोमाची शंका असेल तेव्हा शक्यतो अख्खा तीळच भोवतालच्या एक ते तीन मिलिमीटर निरोगी त्वचेसकट काढलेला बरा, कारण उथळ तासलं आणि रोगाचा तळ खालीच राहिला तर खोली मोजता येत नाही. दुखतं ते भुलीचं इंजेक्शन टोचताना. काही सेकंद चांगलंच झोंबतं, मग फक्त ओढल्यासारखं वाटतं.

‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाच्या कानावर कुणी ना कुणी घालतंच. त्वचेच्या बायॉप्सीने कर्करोग पसरत नाही. या वाक्याला घाबरून वाया घालवलेले महिने मात्र महागात पडतात.

ज्यांचा वर्ण सावळा किंवा काळा आहे त्यांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी. गोऱ्या लोकांच्या उन्हाने भाजलेल्या पाठीचे आणि नाकाचे फोटो पाहून ‘हा आपला आजार नाही’ असं वाटतं. गडद त्वचेत त्याचं प्रमाण कमी असतं हे खरं, पण मेलानोमा झालाच तर तो बरेचदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली असतो, म्हणजे जिथे ऊन फारसं पोचतही नाही. नखात रुंद होत जाणारी काळी उभी रेघ, आणि तो रंग नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेवर उतरलेला, ही बायॉप्सीची जागा आहे. ‘मार लागला असेल’ म्हणून सहा महिने वाट बघण्याची नव्हे. बेसल सेल कार्सिनोमा हा दुसरा प्रकार अशा त्वचेवर काळा, चकचकीत दिसतो आणि साधा तीळ म्हणून सोडून दिला जातो. जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा तिसरा प्रकार उगवू शकतो. तशा जखमेची कड जाड, उंच झाली किंवा हात लागताच रक्त यायला लागलं, तर मलम बदलून बघण्यात अर्थ नाही, तुकडा तपासायला पाठवा.

पायरी २: रिपोर्ट स्वतः वाचा

पॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हा उपचाराचा पाया आहे. त्याची प्रत आणि फोटो दोन्ही जवळ ठेवा.

पहिली ओळ प्रकाराची. बेसल सेल कार्सिनोमा हा सर्वात जास्त आढळणारा प्रकार. तो हळू वाढतो आणि दूरच्या अवयवांत जवळजवळ कधीच जात नाही. पण दुर्लक्ष केलं तर जागच्या जागी नाक, पापणी, कान पोखरत राहतो. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा संख्येने याच्या खालोखाल. तोही बहुतेकदा काढून टाकला की संपतो, मात्र थोड्या रुग्णांमध्ये जवळच्या लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे मान, काख किंवा जांघेतल्या गाठींपर्यंत जातो. ओठ आणि कानावरचा असेल तर ही शक्यता वाढते. तिसरा मेलानोमा, रंग तयार करणाऱ्या पेशींचा. संख्येने कमी, पण त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा. मर्केल सेल कार्सिनोमासारखे दुर्मीळ प्रकारही आहेत. त्यांचे उपचार मोठ्या कर्करोग रुग्णालयातच व्हावेत.

‘इन सिटू’ असं लिहिलं असेल तर रोग त्वचेच्या सर्वात वरच्या थरातच आहे. ही चांगली बातमी आहे. ‘मार्जिन’ म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडा. त्या निरोगी असतील तर रोग पूर्ण निघाला असं मानतात, कडेपर्यंत रोग पोचलेला असेल तर पुन्हा कापावं लागतं. ‘पेरिन्यूरल’ हा शब्द दिसला तर त्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा. रोग मज्जातंतूच्या कडेने सरकतोय असा त्याचा अर्थ, आणि मग साधी शस्त्रक्रिया पुरेल का याचा विचार करावा लागतो. स्क्वॅमस सेलच्या रिपोर्टमध्ये ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ म्हणजे पेशी जास्त बिघडलेल्या, रोग जास्त आक्रमक.

मेलानोमाच्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी शोधायचा तो ब्रेस्लोचा आकडा. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिलं, की त्वचेच्या वरच्या थरापासून सर्वात खोल गेलेल्या कर्करोगाच्या पेशीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं तर पुढचा धोका बऱ्यापैकी सांगता येतो. इतक्या वर्षांनंतरही तीच मोजपट्टी वापरतात. १ मिमीपर्यंत, १ ते २, २ ते ४ आणि ४ च्या वर, असे त्याचे टप्पे. सोबत ‘अल्सरेशन’ आहे की नाही तेही पाहा, कारण वरची त्वचा फुटलेली असेल तर त्याच खोलीचा मेलानोमा जास्त धोक्याचा धरतात. तीळ सहा मिलिमीटर रुंद आहे की सोळा, यापेक्षा तो ०.६ मिमी खोल आहे की २.६, याला कितीतरी जास्त महत्त्व आहे. बाहेरून हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

मेलानोमाचं निदान झालं असेल तर स्लाइड आणि ब्लॉक दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. स्लाइड म्हणजे काचेवर लावलेला पातळ काप, ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुमचा तुकडा. तो लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो आणि मागितला की मिळतो. काही तीळ असे फसवे असतात, की दोन निष्णात माणसांची मतंही वेगळी पडतात. दुसरं मत मागितलं म्हणून डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर दुसरं मत घ्यायला ते आणखी एक कारण.

पायरी ३: जागा आणि माणूस

पाठीवरचा आठ मिलिमीटरचा बेसल सेल आणि नाकपुडीच्या खाचेतला आठ मिलिमीटरचा बेसल सेल, रिपोर्टवर सारखेच दिसतील, उपचार मात्र एकच नसतील. डोळे, नाक, ओठ, कान आणि त्यांच्या आसपासचा चेहऱ्याचा भाग जोखमीचा मानतात. तिथे रोग परत उलटण्याचं प्रमाण जास्त, आणि कापायला त्वचा कमी. मोठा आकार, अस्पष्ट कडा, आधी एकदा काढून पुन्हा आलेली गाठ, पूर्वी रेडिएशन दिलेली जागा, यांनीही जोखीम वाढते.

माणसाचं बघायचं तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पेसमेकर, मधुमेह, गर्भधारणा, अवयव प्रत्यारोपणानंतर चालू असलेली औषधं, हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रियेत होणारा थोडा जास्त रक्तस्राव आटोक्यात ठेवता येतो, गोळी बंद केल्यामुळे आलेला पक्षाघात परत फिरवता येत नाही.

पायरी ४: शस्त्रक्रिया

बहुतेकांची वाट इथेच संपते. गाठीभोवती काही मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा सोडून रेघ आखतात आणि तेवढा भाग खालच्या चरबीसकट काढतात. कमी जोखमीच्या बेसल सेलसाठी ही पट्टी साधारण ४ मिमी असते, स्क्वॅमस सेलसाठी ४ ते ६ मिमी. मेलानोमाचं गणित वेगळं: इन सिटू असेल तर अर्धा ते एक सेंटिमीटर, १ मिमीपर्यंत खोल असेल तर एक सेंटिमीटर, १ ते २ मिमीला एक ते दोन, आणि त्याहून खोल असेल तर दोन सेंटिमीटर. तीळ एवढासा आणि टाक्यांची रेघ एवढी लांब का, याचं उत्तर यात आहे. शिवाय गोल भोक सरळ शिवलं तर दोन्ही टोकांना त्वचा गोळा होते, म्हणून डोळ्याच्या आकाराचा लांबट तुकडा काढतात.

जखम चार तऱ्हांनी बंद होते. सरळ टाके, शेजारची त्वचा सरकवून आणलेला फ्लॅप, दुसरीकडून आणून लावलेली त्वचा म्हणजे ग्राफ्ट, किंवा काहीच न करता आपोआप भरू देणं. शेवटचा पर्याय ऐकून लोक दचकतात, पण कानशिलाच्या किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या खोलगट जागी अशी जखम छान भरून येते.

छाती, पाठ, हात यांवरच्या लहान आणि उथळ बेसल सेलला क्युरेटाज हाही एक मार्ग आहे. धारदार कड्याने गाठ खरवडायची, तळ विजेने जाळायचा, आणि हे बहुतेक तीनदा करायचं. झटपट होतं, टाके नाहीत. पण कडा तपासता येत नाहीत आणि मागे पांढरट गोल डाग राहतो. केसाळ भागावर ही पद्धत टाळतात, कारण रोग केसांच्या मुळांतून खोल गेलेला असू शकतो.

आता मोह्स शस्त्रक्रिया. चेहऱ्यावरच्या गाठीसाठी हे नाव कानावर पडेलच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत बसवायला घेतली. मुद्दा कडा तपासण्याचा आहे. नेहमीच्या तपासणीत काढलेल्या तुकड्याचे पावासारखे उभे काप करतात आणि त्यातले मोजके काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दोन कापांच्या मधे रोगाचं बारीक मूळ कडेपर्यंत गेलं असेल तर ते निसटू शकतं. मोह्समध्ये डॉक्टर बशीसारखा तिरका काप घेऊन पातळ थर काढतात, त्याच्या कडांना वेगवेगळे रंग लावतात, चेहऱ्याच्या नकाशावर तशाच खुणा करतात, आणि तुकडा दाबून सपाट करून त्याची संपूर्ण बाहेरची कड आणि तळ एकाच पातळीत गोठवून कापतात. तुम्ही पट्टी बांधून बाहेर बसता. तासाभराने बोलावणं येतं: ‘निळ्या कडेला, नऊच्या काट्यापाशी थोडा रोग उरलाय.’ मग फक्त तेवढ्याच जागचा आणखी एक थर काढायचा, पुन्हा बाहेर बसायचं. कडा स्वच्छ आल्या की त्याच दिवशी जखम शिवतात. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परततो, त्यामुळे वाचायला काहीतरी आणि सोबतीला कुणीतरी घेऊन जावं.

एवढ्या खटपटीचा फायदा कुठे होतो? नेदरलँड्समधल्या एका तुलनेत चेहऱ्यावर पुन्हा उलटलेल्या बेसल सेलच्या रुग्णांना दहा वर्षं पाहिलं. साध्या शस्त्रक्रियेनंतर १३.५ टक्के गाठी परत आल्या, मोह्सनंतर ३.९ टक्के. पाठीवरच्या साध्या गाठीला मात्र मोह्सचा हट्ट धरू नये. तिथे त्वचा भरपूर असते आणि साधी शस्त्रक्रिया उत्तम काम करते.

पायरी ५: चाकू टाळायचा असेल तर

हा पर्याय सगळ्यांनाच हवाहवासा वाटतो, पण तो लागू पडतो फक्त उथळ, कमी जोखमीच्या बेसल सेलला, इन सिटू स्क्वॅमसला आणि अ‍ॅक्टिनिक केराटोसिस नावाच्या कर्करोगपूर्व खरखरीत चट्ट्यांना. खोल गेलेल्या मेलानोमावर मलम लावून काहीही साधणार नाही.

इमिक्विमोड हे मलम शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्या जागी चेतवतं. उथळ बेसल सेलसाठी आठवड्यातून पाच रात्री, असं सहा आठवडे लावतात आणि सकाळी धुऊन टाकतात. पहिल्या आठवड्यात फारसं काही दिसत नाही. मग जागा लाल होते, सुजते, ओली होते, तिच्यावर खपली धरते आणि खाज सुटते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती इतकी भयंकर दिसते, की अनेक जण घाबरून मलम बंद करतात. ही प्रतिक्रिया अपेक्षित आहे. औषध लागू पडतंय, एवढाच तिचा अर्थ. ताप आला, अंग मोडून आलं किंवा जखम फारच चिघळली तर डॉक्टरांना विचारून दोन-चार दिवसांची विश्रांती घेता येते. दुसरं मलम फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, थोडक्यात फाइव्ह-एफयू. ते बिघडलेल्या पेशींची वाढ थेट रोखतं आणि दिवसातून दोनदा लावतात.

फोटोडायनॅमिक उपचारात जागेवर औषध लावून काही तास झाकून ठेवतात, कर्करोगाच्या पेशी ते शोषून घेतात, आणि मग लाल प्रकाश सोडला की त्या पेशी मरतात. डाग कमी राहतो. प्रकाश चालू असतानाची आग मात्र सोसावी लागते, आणि नंतरचे दोन दिवस ती जागा उजेडापासून पूर्ण झाकून ठेवायची असते.

उथळ बेसल सेलवर या तिघांची एकमेकांशी तुलना झाली आहे. पाच वर्षांनी गाठ परत न आलेल्यांचं प्रमाण इमिक्विमोडला सुमारे ८० टक्के, फाइव्ह-एफयूला ७० आणि फोटोडायनॅमिकला ६३ टक्के निघालं. शस्त्रक्रियेचं यश याहून वर, पंचाण्णवच्या पुढे असतं. व्रण नको म्हणून पाचातली एक गाठ परत येण्याची जोखीम पत्करायची का, हा निर्णय तुमचा. मांडीवरच्या चट्ट्यासाठी मी पत्करेन, पापणीजवळच्या गाठीसाठी नाही.

क्रायोथेरपी म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं. केराटोसिसच्या चट्ट्यांना सोपी आणि झटपट. फोड येतो, खपली धरते, गडद त्वचेवर पांढरा डाग कायमचा राहू शकतो.

उरलं रेडिएशन, ज्याला बोलीत ‘शेक देणं’ म्हणतात. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशी वयस्क माणसं, किंवा कापलं तर नाक-पापणी विद्रूप होईल अशा जागा, यांसाठी ते फार उपयोगी आहे. साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे जावं लागतं. थकलेल्या रुग्णांसाठी कमी फेऱ्यांचा आराखडाही करतात. दरवेळी टेबलावर काही मिनिटंच, आणि त्या वेळी दुखत नाही. स्क्वॅमस सेल मज्जातंतूत किंवा लिम्फ नोडमध्ये शिरला असेल तर शस्त्रक्रियेनंतर जोड म्हणूनही रेडिएशन देतात. तरुणांना ते शक्यतो देत नाहीत, कारण ती त्वचा वर्षं उलटतील तशी पातळ आणि डागाळलेली होते आणि पुढे तिथेच नवा कर्करोग होण्याची शक्यता राहते. गॉर्लिन सिंड्रोमसारख्या, अंगावर अनेक बेसल सेल उगवणाऱ्या आनुवंशिक आजारात तर रेडिएशन टाळायलाच हवं. घरात कुणाला तरुणपणी अशा बऱ्याच गाठी झाल्या असतील तर आधीच सांगा.

पायरी ६: मेलानोमा असेल तर

एक गोष्ट रुंद शस्त्रक्रियेची, म्हणजे भोवतालची निरोगी त्वचा काढण्याची, तारीख घेण्याआधीच विचारायची: ‘माझी सेंटिनल नोड तपासणी करायची आहे का?’ मेलानोमा १ मिमीपेक्षा खोल असेल, किंवा ०.८ ते १ मिमी असेल, किंवा त्याहून पातळ असूनही त्यावर अल्सरेशन असेल, तर हा विषय निघायला हवा. तिळाच्या जागी किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचतात; तो ज्या लिम्फ नोडमध्ये सर्वात आधी पोचतो तीच (सेंटिनल) गाठ काढून तपासतात. ही तपासणी रुंद शस्त्रक्रियेच्या वेळीच करायची असते, कारण एकदा भोवतालची त्वचा कापली, सरकवली, की तिथला निचऱ्याचा मार्ग बदलतो. दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी झाली तर घाबरू नका, तो रंग बाहेर पडतोय.

सेंटिनल गाठीत रोग सापडला की पूर्वी काखेतल्या किंवा जांघेतल्या सगळ्याच गाठी काढून टाकत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, की त्याने रुग्ण जास्त जगत नाहीत. हात-पाय सुजण्याचा त्रास मात्र ६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर जातो. आता बहुतेकदा सोनोग्राफीने लक्ष ठेवतात. अजूनही कुणी सरसकट ‘सगळ्या गाठी काढू’ म्हणत असेल तर कारण विचारा.

पसरलेल्या मेलानोमाची गोष्ट २०११ पासून पालटली. त्याआधी अशा रुग्णांपैकी निम्मे वर्षभरही जगत नसत. त्या वर्षी दोन वेगळ्या वाटांची औषधं आली. पहिली वाट इम्युनोथेरपीची: इपिलिमुमॅब, आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निव्होलुमॅब. आपल्याच प्रतिकारपेशींना लागलेले ब्रेक ही औषधं सोडवतात. या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांपैकी निम्मे पाच वर्षांनंतरही हयात होते. दुसरी वाट गोळ्यांची. मेलानोमाच्या साधारण निम्म्या रुग्णांत ‘बीआरएएफ’ नावाच्या जनुकात बदल असतो. त्यांना डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिबसारख्या गोळ्यांची जोडी लागू पडते. तळपायाच्या आणि नखाखालच्या मेलानोमात हा बदल कमी आढळतो. गोळ्यांचा परिणाम झपाट्याने दिसतो, पण बऱ्याच जणांत काही महिन्यांनी रोग त्यांना दाद देईनासा होतो. म्हणून जनुकात बदल असला तरी, तब्येत तेवढी दम धरणारी असेल तर, आधी इम्युनोथेरपी देणं पसंत करतात. हा क्रम ठेवला तेव्हा दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्ण हयात होते, उलट क्रमाने ५२ टक्के.

रोग लिम्फ नोडपर्यंतच असेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण वर्षभर ही औषधं देतात. शस्त्रक्रियेआधीच काही डोस दिले तर निकाल आणखी चांगले येतात, असं २०२३ पासूनच्या चाचण्यांतून दिसलंय. तेव्हा लिम्फ नोडची गाठ हाताला लागत असेल तर ‘आधी औषध की आधी शस्त्रक्रिया’ हे विचारूनच पुढे जा.

इम्युनोथेरपीत केस गळत नाहीत, म्हणून ती सौम्य आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. मोकाट सुटलेली प्रतिकारशक्ती आतडी, यकृत, फुप्फुसं, थायरॉइड, कशावरही चाल करून जाऊ शकते. दोन औषधं एकत्र दिली की निम्म्याहून जास्त रुग्णांना गंभीर त्रास होतो. दिवसातून चार-पाच जुलाब, नवा खोकला, धाप, डोळे पिवळे होणं, न थांबणारी डोकेदुखी, यातलं काहीही झालं तर जुलाब थांबवायची गोळी घेऊन घरी बसू नका, त्याच दिवशी कर्करोग विभागाला फोन करा. वेळेत स्टेरॉइड सुरू केलं तर बहुतेक त्रास आटोक्यात येतो. हे त्रास औषध थांबल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवतात, म्हणून पुढे कोणत्याही आजारासाठी दवाखान्यात गेलात तरी ‘मला इम्युनोथेरपी झाली आहे’ हे सांगा.

बेसल आणि स्क्वॅमस सेल फार पुढे गेलेले असतील तरीही वाटा आहेत. कापता न येणाऱ्या बेसल सेलसाठी व्हिस्मोडेगिब आणि सोनिडेगिब या गोळ्या. त्यांनी स्नायूंत पेटके येतात, तोंडाची चव जाते, केस विरळ होतात. गर्भाला त्या अत्यंत घातक आहेत, त्यामुळे स्त्री-पुरुष दोघांनीही गर्भनिरोधनाचे नियम औषध थांबल्यावरही काही महिने पाळायचे असतात. पसरलेल्या स्क्वॅमस सेलसाठी २०१८ मध्ये सेमिप्लिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आलं, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत गाठी आकसतात.

पायरी ७: ‘नैसर्गिक’ काळ्या मलमाबद्दल

इंटरनेटवर काळं मलम विकलं जातं. ‘कॅन्सर मुळासकट बाहेर ओढून काढतं’ असा दावा असतो, सोबत खपली पडल्याचे फोटो. त्यात बरेचदा झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचा अर्क असतो. दोन्ही निरोगी आणि रोगट त्वचा सारखीच जाळतात. वरून कातडी भरून येते, खाली रोग वाढत राहतो. गंमत अशी, की मोह्स यांनीही सुरुवातीला झिंक क्लोराइडचीच पेस्ट वापरली होती. पण ती ऊती जागच्या जागी घट्ट करण्यापुरती. प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हा खरा उपचार होता, आणि पुढे त्यांच्या पद्धतीतून ती पेस्टही गेली.

पायरी ८: टाके पडल्यानंतर

पहिले एक-दोन दिवस पट्टी कोरडी ठेवा. नंतर रोज साबण-पाण्याने हलक्या हाताने धुऊन पेट्रोलियम जेली लावा आणि झाका. जखम ‘वाळू द्यावी’ हा सल्ला जुना झाला. ओलसर राखलेली जखम लवकर आणि चांगली भरते. रक्त आलं तर उचलून उचलून न बघता सलग वीस मिनिटं घट्ट दाबून धरा. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, हातापायांचे दहा ते चौदा. फ्लॅप किंवा ग्राफ्ट असेल तर तंबाखू आणि सिगारेट बंद, कारण निकोटीनने तिथला रक्तपुरवठा आवळला जातो आणि लावलेली त्वचा काळी पडू शकते.

टाके निघाले तरी अंतिम रिपोर्ट घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका. कडा स्वच्छ आहेत का, आणि आता सांगितलेला प्रकार बायॉप्सीच्या रिपोर्टशी जुळतो का, एवढं विचाराच.

पुढची तपासणी प्रकारानुसार. बेसल सेलसाठी सहा ते बारा महिन्यांनी. स्क्वॅमस सेल आणि मेलानोमासाठी सुरुवातीची दोन-तीन वर्षं जास्त वारंवार, कारण परत येणारे बरेचसे रोग याच काळात परततात. एकदा एक गाठ झालेल्याला दुसरीकडे नवी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून तपासणी व्रणापुरती न होता कपडे उतरवून, डोक्याच्या त्वचेपासून तळपायापर्यंत व्हायला हवी. घरी महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून स्वतः बघा, पाठ दुसऱ्या कुणाला बघायला सांगा, आणि व्रणाभोवती व जवळच्या गाठींच्या जागी बोटांनी चाचपा. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी या तपासण्या कधीच चुकवू नयेत. त्यांच्यात स्क्वॅमस सेलचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त असतं आणि तो वेगाने वाढतो. अशा रुग्णांच्या गाठी वाढत असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध बदलता येईल का, हे त्वचारोगतज्ज्ञ आणि प्रत्यारोपणाचे डॉक्टर मिळून ठरवतात.